सोळा बाजूंचा फासा

तक्ता पाच ओळींचा आहे. डाव्या बाजूला आकडे, उजव्या बाजूला त्या आकड्यांचा अर्थ. १ ते ६ : खेळाडूला जबर मार बसला, आजचा सामना संपला, पुढच्या सामन्याला तो उभा राहील. ७ ते ९ : पुढच्या सामन्यालाही येणार नाही. १० ते १२ : पुढचा सामना गेलाच, शिवाय एक दुखणं जन्माचं मागे लागलं. १३ आणि १४ : पुढचा सामना गेला आणि अंगातली एखादी शक्ती कायमची कमी झाली. १५ आणि १६ : मेला.

कवितेचं रसग्रहण करतात, नाटकातल्या प्रवेशाचं करतात, बंदिशीचं करतात. मला या तक्त्याचं करायचं आहे. पटावरच्या खेळांची नियमपुस्तकं मी बरीच वाचली आहेत आणि आवडीने वाचली आहेत, पण वाचताना छातीत काही हललं असं पान मला एकच भेटलं, ते हे. मघाशी त्याचा अर्थ मी माझ्या शब्दांत सांगितला. मूळ तक्त्यात तर याहूनही कमी शब्द आहेत.

'ब्लड बाऊल' हा नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचा खेळ. जर्व्हिस जॉन्सन यांनी तो रचला आणि त्याची पहिली आवृत्ती १९८६ मध्ये निघाली. ऑर्क, एल्फ, ड्वार्फ, थडग्यांतून उठवलेले मृत अशा कल्पित जमातींचे संघ त्यात अमेरिकन फुटबॉलच्या वळणाचा खेळ खेळतात. २६ बाय १५ चौकोनांचं मैदान, दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू, प्रत्येक अर्धात दोघांनाही ८-८ पाळ्या. चेंडू पलीकडच्या टोकाला नेला की टचडाउन. वाटेत येईल त्याला आडवं करायची मुभा आहे, आणि हा सगळा मजकूर त्या आडवं करण्याबद्दलच आहे. नियम मी २०२० च्या आवृत्तीतले धरतो. त्याआधीचे तक्ते वेगळे होते, त्यांच्याकडे पुढे येईन.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. एका बैठकीत एकच सामना खेळून उठलात तर या तक्त्याला काहीच अर्थ उरत नाही. मार बसलेला आणि मेलेला, दोघेही सारखेच मैदानाबाहेर, आणि सामना संपल्यावर दोघेही सारखेच डब्यात. तक्त्याला जीव येतो तो लीगमध्ये. लीग म्हणजे तोच संघ, तेच खेळाडू, आठवड्यामागून आठवडे, निरनिराळ्या प्रतिस्पर्ध्यांसमोर. सुरुवातीला प्रत्येक कोचला १०,००,००० सोन्याची नाणी मिळतात आणि त्यातून तो माणसं विकत घेतो. मग एक कागद तयार होतो, रोस्टर. एका खेळाडूला एक ओळ : नाव, जागा, वेग, ताकद, चपळाई, चिलखत, कमावलेले गुण, शिकलेली कौशल्यं, जुनी दुखणी, किंमत. आपल्याकडे शेताचा सातबारा असतो, तसा हा संघाचा. कुणी काय मिळवलं, कुणाचं काय गेलं, सगळं त्यावर चढतं, आणि चढलेलं सहजी उतरत नाही.

पटावरचं मरण आपल्याला नवं नाही. सारीपाटात सोंगटी मरते, आणि पुन्हा दान पडलं की घरातून निघते. बुद्धिबळात वजीर जातो, पण पुढच्या डावाला तो आपल्या घरात उभा असतो. मातीतल्या कबड्डीत तर गडी मरण्याजगण्याचीच भाषा आहे आणि तिच्या तीन जुन्या प्रकारांची नावंही त्यावरूनच पडली : संजीवनीत बाद झालेला गडी समोरचा बाद झाला की उठतो, गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसतो, अमरमध्ये तो बाहेर जातच नाही. तिन्हींमध्ये डाव संपला की सगळे जिवंत. 'ब्लड बाऊल'ची लीग इथे वेगळी होते. तिथला मेलेला गडी पुढच्या रविवारी येत नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

आता मजकुराच्या आत जाऊ. एक खेळाडू समोर ठेवतो, म्हणजे आकडे कोरडे राहणार नाहीत. वुड एल्फांच्या संघात वॉरडान्सर नावाचा गडी असतो. किंमत १,२५,०००, आणि संघात जास्तीत जास्त दोनच घेता येतात. एका पाळीत ८ चौकोन पळतो, दोन खेळाडूंच्या मधून निसटतो, डोक्यावरून उडी मारून जातो. त्याचं नाव 'झुळूक' ठेवू. पहिल्या सामन्यात झुळूकने दोन टचडाउन केले. टचडाउनला ३ गुण, म्हणजे ६ झाले, आणि पहिलं कौशल्य मनासारखं निवडून घ्यायला नेमके ६ लागतात. कोचने त्याला बगल देण्याची विद्या दिली. तिसऱ्या सामन्यात त्याने प्रतिस्पर्ध्याचा पास हवेत पकडला. पाचव्या सामन्यापर्यंत लीगमधले बाकीचे कोच त्याला नावाने ओळखू लागले. संघाचं नाव त्यांच्या लक्षात नसेल, पण झुळूक असतो.

सहाव्या सामन्यात समोर ऑर्कांचा संघ आहे आणि त्यात एक ट्रोल. झुळूक त्याच्या हाताशी सापडला. ट्रोलने टोला दिला, फाशावर आडवं पाडणारी बाजू आली. खेळाडू पडला.

इथून पुढची रचना सावकाश पाहावी. रचणाऱ्याला एकाच फाशात निकाल लावता आला असता. पडला, फासा टाका, जगला की मेला ते बघा. तसं न करता त्याने तीन दारं ठेवली आहेत. पहिलं दार चिलखताचं : सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, बेरीज खेळाडूच्या चिलखताइतकी किंवा जास्त आली तर चिलखत फुटलं. झुळूकचं चिलखत ८. फासे पडण्याच्या ३६ तऱ्हांपैकी १५ तऱ्हांत ते फुटतं. दुसरं दार इजेचं : पुन्हा दोन फासे, ७ पर्यंत नुसती भोवळ, ८-९ ला शुद्ध हरपते आणि मैदानाबाहेर नेतात, १० किंवा वर आलं तर खरी दुखापत. ३६ पैकी ६ तऱ्हा. आणि तिसरं दार म्हणजे आपला तक्ता, सोळा बाजूंचा फासा.

हिशेब केला तर कळतं की मरण इथे स्वस्त नाही. ८ चिलखताचा गडी सरासरी ११५ वेळा पडतो तेव्हा एकदा मरतो. ९ चिलखताचा १७३ पडण्यांत एकदा, १० चा २८८ पडण्यांत एकदा. पण कोचला हा आकडा जाणवत नाही. त्याला जाणवतात ती तीन दारं. चिलखत फुटलं तेव्हा तो म्हणतो, भोवळच येईल. इजेचा फासा वाईट पडला तेव्हा म्हणतो, मारच बसला असेल. प्रत्येक दाराशी त्याला आशेला जागा मिळते आणि प्रत्येक दार उघडलं की ती जागा थोडी लहान होते. ख्यालात गवई समेकडे येताना एक आवर्तन मुद्दाम लांबवतो, तेव्हा ऐकणाऱ्याचं जे होतं ते इथे होतं. निकाल एका क्षणात कळला असता तर तो बातमी झाला असता. तीन पायऱ्यांनी कळतो म्हणून तो प्रसंग होतो.

ट्रोलकडे 'माइटी ब्लो' नावाचं कौशल्य आहे. त्याने चिलखताच्या किंवा इजेच्या फाशाला, दोहोंपैकी एकालाच, १ जास्त मिळतो, आणि कुठे लावायचा ते फासे पडल्यावर ठरवता येतं. ऐकायला हे किरकोळ वाटतं. झुळूकसारख्याची खरी दुखापत होण्याची शक्यता मात्र शंभरात ७ वरून शंभरात १४ वर जाते, एका आकड्याने दुप्पट होते. म्हणून मुरलेला कोच पट पाहतो तेव्हा आधी हे कौशल्य कुणाकडे आहे ते पाहतो आणि आपला नाजूक गडी त्याच्या पल्ल्याबाहेर ठेवतो. पटावर कुठेही न लिहिलेली भीतीची वर्तुळं आखली जातात. मैदानाच्या कडेलाही असंच एक वर्तुळ असतं, कारण ढकलला जाऊन कडेबाहेर पडलेल्या खेळाडूवर प्रेक्षक तुटून पडतात आणि तिथे चिलखताचं दार मुळी नसतंच, थेट इजेचे फासे.

तक्त्याचा अर्थ एका माणसामुळे बदलतो. तो अपोथेकरी, संघाचा वैद्य. किंमत ५०,०००, आणि एका सामन्यात एकदाच कामाला येतो. दुखापतीचा फासा पडला की त्याला बोलवायचं, तो फासा पुन्हा टाकायला लावतो, आणि दोन निकालांपैकी कोणता घ्यायचा ते कोच ठरवतो. दोन्ही वेळा मरण येण्याची शक्यता ६४ त एक. म्हणजे वैद्य शिल्लक असेल तर तुमचा गडी जवळजवळ वाचलाच. आणि सगळं नाट्य त्या 'शिल्लक असेल तर' मध्ये आहे.

आपल्या सामन्यात पहिल्या अर्धाच्या सहाव्या पाळीला एक साधा लाइनमन पडला होता. किंमत ७०,०००, कौशल्य एकही नाही, नावसुद्धा कोचने घाईत ठेवलेलं. फाशावर १५ आले. कोच थांबला. वैद्य आत्ता वापरला तर हा पोरगा बहुधा वाचेल, पण झुळूक अजून दहा पाळ्या मैदानावर आहे. नियम म्हणून पाहिलं तर हा जमाखर्चाचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तरही सोपं आहे : लाइनमन परत विकत मिळतो. तरीही हा प्रश्न पटावर पडला तेव्हा झटकन उत्तर देणारा कोच मी क्वचित पाहिला आहे. माणसं त्या कागदावरच्या नावाकडे बघत बसतात. आपल्या या कोचने वैद्याला बोलावलं आणि लाइनमन वाचला. दुसऱ्या अर्धाच्या सातव्या पाळीला झुळूकच्या अंगावर ट्रोल आला, तिन्ही दारं उघडली, सोळा बाजूंचा फासा टेबलावर फिरत राहिला आणि १६ वर थांबला. वैद्य नव्हता.

हे पूर्ण खेळातलं सर्वांत उंच ठिकाण आहे असं मी मानतो. कुणाला जगवायचं हा प्रश्न नियमपुस्तकाने कोचला विचारला, आणि उत्तराची किंमत त्याच्याकडून नऊ पाळ्यांनी वसूल केली. एवढं अंतर ठेवायला रचनेची खोल समज लागते. दोन्ही घटना एकाच पाळीत घडल्या असत्या तर तो नुसता पेच झाला असता.

आता रसाबद्दल. वरवर पाहता 'ब्लड बाऊल' हा हास्याचा आणि बीभत्साचा खेळ आहे. देवाचं नाव नफल, म्हणजे अमेरिकेतल्या एन.एफ.एल. या व्यावसायिक लीगच्या नावाचा उच्चार. रेफ्रीला लाच देता येते. ट्रोल आपल्याच संघातला गॉब्लिन उचलून पुढे फेकू शकतो, पण ट्रोल भुकेला असतो : फाशावर १ आला आणि पुन्हा टाकल्यावर पुन्हा १ आला, तर तो गॉब्लिनला खाऊन टाकतो. तिथे वैद्याचा उपयोग नसतो. टेबलाभोवतीचे सगळे हसतात, गॉब्लिनचा कोचसुद्धा हसतो, आणि ते हसू खरं असतं. पण त्याच टेबलावर वॉरडान्सर मरतो तेव्हा समोरचा कोच आधी हात पुढे करतो, मग फासे उचलतो. करुणाचा स्थायीभाव शोक, आणि शोक व्हायला आधी ओढ लागावी लागते. ती ओढ रोस्टरने लावलेली असते, एकेका गुणाने, एकेका सामन्याने. तक्ता फक्त तिची वसुली करतो. ३२ मिलिमीटरच्या पायावर उभ्या असलेल्या प्लॅस्टिकच्या बाहुलीसाठी माणसाच्या घशात आवंढा यावा ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

संस्कृत नाटकांत रंगमंचावर मृत्यू दाखवू नये असा संकेत होता. भासाच्या नावावर असलेल्या 'ऊरुभंग'मध्ये तो मोडला आहे : मांड्या मोडलेला दुर्योधन प्रेक्षकांसमोर पडून असतो आणि तिथेच प्राण सोडतो. त्या नाटकात मरणाइतकंच मोडलेल्या शरीराला महत्त्व आहे. मला या तक्त्यातल्या मधल्या ओळी वाचताना ते आठवतं. वाचणारा थेट शेवटच्या ओळीकडे पळतो, पण कारागिरी मधे आहे. १३-१४ आले तर आणखी एक सहा बाजूंचा फासा टाकायचा : डोक्याला इजा झाली तर चिलखत उतरतं, गुडघा गेला तर वेग, हात मोडला तर फेक, मानेला इजा झाली तर चपळाई, खांदा निखळला तर ताकद. आठ चौकोन पळणारा आता सात पळतो. एक चौकोन. टचडाउनची रेघ आठव्या चौकोनावर असते तेव्हा तो एक चौकोन काय असतो ते कोचला कळतं. असा गडी ठेवायचा की सोडून द्यायचा, हे नियम सांगत नाहीत. त्याची किंमत संघाच्या एकूण किमतीत धरली जाते, म्हणून हिशेबी कोच त्याला काढतो. पुष्कळ जण काढत नाहीत.

१० ते १२ ची ओळ मला त्याहूनही आवडते. जुनं दुखणं. त्याने वेग कमी होत नाही, ताकद कमी होत नाही, मैदानावर खेळाडू पूर्वीसारखाच दिसतो. फक्त इथून पुढे तो कधी या तक्त्यापर्यंत आला तर त्याच्या फाशात १ मिळवायचा. दुसरं दुखणं लागलं तर २. म्हणजे मरणाची ओळ त्याच्यासाठी १५ वर थांबत नाही, हळूहळू खाली सरकत येते. दोन दुखणी असलेल्याला १३ सुद्धा पुरतो. एवढ्या कमी जागेत म्हातारपण इतकं अचूक लिहिलेलं मी खेळांच्या पुस्तकात दुसरीकडे वाचलेलं नाही. मधल्या काळातल्या नियमांत वयाचा वेगळा फासा होता : खेळाडू नवं कौशल्य शिकला की तो टाकायचा आणि वाईट पडला तर शरीर झिजायचं. तो नियम पुढे काढून टाकला, ते बरं झालं. शिकण्याची शिक्षा देणारा नियम होता तो. दुखण्याने आणलेलं म्हातारपण त्याहून खरं आहे.

जुन्या तक्त्याबद्दल मात्र मला दोन्ही बाजूंनी बोलावं लागेल. २०२० पूर्वी सहा बाजूंचा आणि आठ बाजूंचा असे दोन फासे मिळून ११ पासून ६८ पर्यंतचे आकडे तयार होत. ६१ ते ६८ मरण, म्हणजे सहात एक. आता ते आठात एक झालं आहे. जुन्या तक्त्याचं वैभव नावांत होतं. बरगड्या मोडल्या, जबडा मोडला, डोळा फुटला, हाताचा चेंदा झाला, घोटा गेला, कवटीला तडा गेला, असं मधल्या प्रत्येक आकड्याला वेगळं नाव. पुढचा सामना हुकणं हा परिणाम आठ आकड्यांना एकच, पण 'पुढचा सामना हुकला' आणि 'जबडा मोडला' यांत एक पूर्ण माणूस मावतो. ती नावं नव्या तक्त्यातून गेली याची मला हळहळ आहे. लय मात्र नव्याचीच चांगली, कारण कायमच्या इजेसाठी आता वेगळा फासा आला आणि एक दार वाढलं. मला विचाराल तर नवा तक्ता घ्यावा आणि जुनी नावं हाताने रोस्टरवर लिहावीत.

त्याच जुन्या काळातला एक दोष सांगितलाच पाहिजे. पंजाने कसलंही चिलखत ८ ला फोडणारं एक कौशल्य, 'माइटी ब्लो', आणि पडलेल्यावर स्वतःला झोकून देऊन फासा पुन्हा टाकू देणारं 'पायलिंग ऑन', ही तिन्ही एकाच खेळाडूत जमली की तो पाळीमागून पाळी माणसं संपवत जायचा. लीगमध्ये कोचांच्या तक्रारी असायच्या, आणि त्या बरोबर होत्या. मरण नेमाने येऊ लागलं की त्यातला शोक निघून जातो, उरतो कंटाळा. नवखा कोच दोन सामन्यांत अर्धा संघ गमावून लीग सोडून जायचा. २०२० मध्ये 'पायलिंग ऑन' पूर्णपणे काढलं. हा निर्णय मी नुसता तोल सावरणारा मानत नाही. त्याने मरणाला दुर्मीळपणा परत दिला.

आणखी एक बारकावा, जो खेळणाऱ्यांच्याही नजरेतून सुटतो. टोला देऊन प्रतिस्पर्ध्याची खरी दुखापत केली की मारणाऱ्याला २ गुण मिळतात. फाशावर १ आला तरी २, आणि १६ आला तरी २. जिवे मारण्याचं वेगळं बक्षीस नाही. पडलेल्याला लाथा घालून दुखापत केली तर काहीच गुण नाहीत. एवढ्या रक्ताळलेल्या नावाच्या खेळात हा संयम आहे, आणि तो बोलून दाखवलेला नाही. मरणातून पटावर कुणाचा फायदा होतो? फार थोड्यांचा. त्यांतला एक म्हणजे मृतांच्या संघाचा कोच.

त्याचा नियम असा : त्याच्याशी खेळताना तुमचा गडी मेला आणि त्याची ताकद ४ किंवा कमी असली, तर सामन्यात एकदा तो कोच त्या गड्याला झॉम्बी म्हणून उठवू शकतो आणि फुकटात आपल्या संघात ठेवू शकतो. आपल्या पुराणांत शुक्राचार्यांजवळ मृतसंजीवनी विद्या होती आणि देवांनी मारलेले असुर ते उठवायचे. इथे विद्या तीच, पण उठवलेला आपल्या बाजूला परतत नाही. शत्रूच्या बाजूला उभा राहतो. आकडे वाचून पाहा. झुळूकच्या जागी असाच एखादा वॉरडान्सर त्यांच्या हाती मेला तर त्याचा ८ चौकोनांचा वेग ४ वर येतो. २ वर साधणारी चपळाई आता ४ ला साधते. उडी गेली, बगल गेली, नाव गेलं, सगळे गुण गेले. ताकद तेवढीच, ३. आणि चिलखत? जिवंतपणी ८ होतं, मेल्यावर ९ झालं. आता त्याला दुखत नाही, म्हणून तो सहज मोडत नाही. त्याला पुन्हा कुणी मारलं तर निम्म्या वेळा तो आपला आपण उठतो. नियमपुस्तकाच्या वेगवेगळ्या पानांवर विखुरलेले हे आकडे कुणी एका जागी मांडून दाखवत नाही. ते वाचणाऱ्याने शेजारी ठेवायचे आणि पाहायचं.

नफल या नावामागे खराखुरा खेळ आहे, त्याचाही उल्लेख इथे हवा. अमेरिकन फुटबॉलमध्ये माणसं खरोखर मेली आहेत. मैदानावरची जीवघेणी हाणामारी इतकी गाजली की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०५ च्या ऑक्टोबरमध्ये विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. १९०६ मध्ये नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, म्हणजे सगळी माणसं एकाच ढिगात एकमेकांवर पडणार नाहीत. २४ ऑक्टोबर १९७१ ला डेट्रॉइट लायन्सचा चक ह्यूज सामन्यात मैदानावरच कोसळला आणि गेला. 'ब्लड बाऊल'मध्ये सहकाऱ्याने झेललेल्या पासला १ गुण मिळतो. तो फेकताना मला १९०६ आठवतं. खेळातलं मरण खोटं आहे आणि ते खोटंच असावं. पण खऱ्या मैदानावर ज्या भीतीने नियम बदलले ती भीती कशी असते, याची पुसटशी ओळख हा तक्ता करून देतो, तीही कुणाच्या अंगाला ओरखडा न येता.

काही लीगमध्ये कोच आपसात ठरवून मरणाची ओळ काढून टाकतात, १५-१६ ला नुसता सामना हुकवतात. नव्या पोरांना सांभाळून घ्यावं हा हेतू चांगलाच असतो. तरी माझं स्पष्ट मत असं की त्याने बाकीच्या चारही ओळी मरतात. मार बसला पण वाचला, यातला सुस्कारा १६ समोर आहे म्हणूनच निघतो. वैद्य कुणासाठी ठेवायचा हा प्रश्नच उरत नाही, तिसऱ्या दाराशी कुणी श्वास रोखत नाही, आणि जुनं दुखणं नुसता वाया गेलेला आकडा होतो. नवख्यांना सांभाळायचं तर त्यांना वैद्य आधी घ्यायला सांगा, पहिल्या खरेदीतच ५०,००० बाजूला काढायला लावा. तक्ता आहे तसा राहू द्या.

झुळूक गेल्याच्या पुढच्या सामन्याला त्या संघाकडे उभं राहण्यासारखे दहाच गडी उरले. असं झालं की नियम एक पाहुणा देतात, जर्नीमन, अकरावी जागा भरायला. त्याला कौशल्य नाही, कुणाशी जमत नाही, संघाचे पुन्हा फासे टाकण्याचे हक्कसुद्धा त्याला सहज लागू होत नाहीत. सामना संपल्यावर कोचला वाटलं तर पैसे भरून त्याला कायमचं घ्यायचं. वैद्याने वाचवलेला लाइनमन आता संघातला जुना खेळाडू झाला होता, आणि त्या सामन्यात चेंडू त्याच्या हातात होता.

तुम्ही ही लीग खेळत असाल किंवा पुढे कधी खेळाल, तर दोन गोष्टी करा. प्रत्येक खेळाडूला नाव ठेवा, सर्वांत स्वस्त लाइनमनलासुद्धा, आणि घाईत ठेवू नका. आणि कुणी मेला तर त्याची ओळ रबराने पुसू नका, नवा कागदही घेऊ नका. त्या ओळीवर एक सरळ रेघ मारा, नाव वाचता येईल अशी, आणि शेजारी सामन्याची तारीख लिहा.